दोघींच्या नावाचं घर

घर विकायचं ठरवलं तेव्हा माईंनी ते सगळ्यात आधी सुनेला सांगितलं, आणि सुनेने विचारलं ते एवढंच, "मी जाते म्हणून का?"

"छप्पर गळतं म्हणून," माई म्हणाल्या. "जिना चढवत नाही म्हणून. आणि एकटीने एवढ्या खोल्या झाडायचा मला कंटाळा येतो म्हणून."

तिन्ही कारणं खरी होती. सुनेने विचारलं तेही खरं होतं, पण ते कबूल केलं असतं तर पोरीने आपलं लग्नच पुढे ढकललं असतं, हे माई ओळखून होत्या.

माईंची सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली. डोक्याला हेडफोन लावून अनोळखी माणसांचे आवाज एकमेकांना जोडून द्यायचे, हे काम. नवरा लवकर गेला. एकुलता एक मुलगा हाताशी आला तेव्हा निवृत्तीचे पैसे घालून आणि उरलेलं कर्ज काढून त्यांनी हे दुमजली घर घेतलं होतं. घर माईंच्या नावावर, हप्ते मुलाच्या पगारातून. मुलाने लग्न केलं, सून आली, घर भरल्यासारखं वाटू लागलं, आणि एका सकाळी कामावर जायला निघालेला मुलगा बुटांच्या नाड्या बांधता बांधता खाली बसला तो उठलाच नाही.

माणसं आली, रडली, गेली. सुनेच्या माहेरचे तिला न्यायला आले होते. ती "जाईन नंतर" म्हणाली. महिना संपला. पेन्शनमध्ये किराणा भागला असता, हप्ता भागणं शक्य नव्हतं. मुदत वाढवून मागावी म्हणून त्या बँकेत गेल्या, तर खिडकीतला माणूस म्हणाला, "आजी, हप्ता तर कालच भरला तुमच्या सुनेने." माई घरी आल्या. सून चष्म्याच्या दुकानातून यायची होती. ती आली, हातपाय धुतले, जेवायला बसली. माईंनी तिच्या ताटात वाढलं आणि विषय काढला नाही, तिनेही काढला नाही. त्यानंतर दर महिन्याला ती हप्ता भरत राहिली, अशी चार वर्षं गेली. त्या चार वर्षांत सासू-सुनेत भांडणं झाली ती पंखा किती जोरात लावायचा आणि दूध कुणी उतू घालवलं ह्यावरून. हप्त्यावरून एकदाही नाही.

सून दुकानात मागच्या खोलीत बसून चष्म्याच्या काचा घासायची. तिथे लिफ्ट दुरुस्त करणारा एक माणूस वर्षातून चार-पाचदा मोडका चष्मा घेऊन यायचा. दुकानदाराला वाटायचं, देवाने गिऱ्हाईक पाठवलं. शेवटी सुनेनेच त्याला विचारलं की लिफ्टमध्ये चष्मा सापडतो तरी कसा. तो म्हणाला, पहिल्यांदा खरंच सापडला होता.

हे तिने माईंना बटाटे सोलता सोलता सांगितलं. मान वर केली नाही, आणि एकाच बटाट्याची साल काढत राहिली, इतकी की तो लिंबाएवढा उरला. माईंनी तो तिच्या हातातून काढून घेतला आणि दुसरा दिला.

पुढचे दोन-तीन दिवस माईंच्या हातून भांडी जरा जास्तच आपटत होती. राग नव्हता तो. आपला मुलगा पुन्हा एकदा घरातून बाहेर पडतोय असं वाटत होतं. मग त्यांनी स्वतःच त्या माणसाला चहाला बोलवायला सांगितलं. तो आला, खुर्चीच्या अगदी टोकावर बसला. माईंनी त्याला आईवडील, कामाचे तास, खाण्यापिण्याच्या सवयी, सगळं विचारलं. उत्तरं साधीच होती. पण समोरच्याचं वाक्य संपेपर्यंत तो थांबायचा आणि मगच बोलायचा. हजारो माणसांची बोलणी ऐकलेल्या बाईला ही गोष्ट किती दुर्मीळ आहे ते पक्कं ठाऊक होतं. तो गेल्यावर माई सुनेला म्हणाल्या, "चांगला आहे. बुटका आहे जरा."

घर दातांच्या डॉक्टर नवरा-बायकोने घेतलं. खाली दवाखाना, वर राहायला. उरलेलं कर्ज फिटलं आणि बाकीचे पैसे माईंच्या खात्यात आले. एवढी रक्कम त्यांनी आयुष्यात फक्त दुसऱ्यांच्या बोलण्यात ऐकली होती. त्यांनी चष्मा पुसून आकडा पुन्हा वाचला आणि पहिली भावना आली ती भीतीची. रस्त्याने घरी येताना त्यांनी पिशवी पोटाशी धरली होती. पिशवीत होती फक्त छत्री.

पैसे आल्याची बातमी कुणी सांगितली देव जाणे, पण ती सगळीकडे पोचली. माईंच्या नवऱ्याची मोठी बहीण, म्हणजे वन्सं, रोज सकाळी फोन करू लागल्या. त्यांचं म्हणणं स्पष्ट होतं. माईंनी त्यांच्या शेजारी खोली घ्यावी, पैसे मुदतीवर ठेवावेत आणि सुनेला साडी-चोळी देऊन निरोप द्यावा. "ती आता परक्या घरची. तिच्यात जीव गुंतवू नकोस, पुढे फार जड जातं," असं त्या म्हणायच्या. त्या वाईट बाई नव्हत्या. स्वतःची पोरं दूर गेल्यापासून त्यांना सगळं जग निरोप घेण्याच्या तयारीतच दिसायचं.

मग दिराचा मुलगा आला. त्याचं फरशांचं दुकान होतं आणि शेजारचा गाळा रिकामा झाला होता. काकूंनी पैसे घातले तर बँकेपेक्षा दुप्पट व्याज देतो म्हणाला. बोलताना त्याने माईंच्या गुडघ्यांची चौकशी तीनदा केली. माईंना त्याचा लळा होता, लहानपणी तो त्यांच्याच मांडीवर झोपायचा. त्यांच्या तोंडून "बघते" असं निघून गेलं, आणि आपण काय बोलून बसलो ते तो गेल्यावर त्यांच्या ध्यानात आलं.

दुसऱ्या दिवशी त्या बँकेत जाऊन बसल्या. तिथल्या मॅडम सुनेच्याच वयाच्या, बोलायला फार संथ. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "ह्या पैशांचं आज लगेच काही करायलाच हवं, असं काही आहे का?"

माईंनी विचार केला. तसं काहीच नव्हतं.

"मग आज काहीच करू नका," मॅडम म्हणाल्या. "आधी राहायला घर बघा. तोवर पैसे तीन महिन्यांच्या ठेवीत राहू देत. कुणी मागितले तर सांगा, अडकलेत. खोटं नाही ते, खरंच अडकलेले असतील."

माईंना त्या बाईच्या पाया पडावंसं वाटलं. पुतण्याला त्यांनी तसंच सांगितलं, आणि त्याच दमात हेही सांगितलं की नव्या स्वयंपाकघराच्या फरश्या तुझ्याकडूनच घेईन, रोख पैसे देऊन. त्याचं तोंड जरा उतरलं, पण दार आपटून काही तो गेला नाही.

घर बघायला सून सुट्टीच्या दिवशी बरोबर यायची आणि होणारा नवरा मागे मागे. एजंट खोल्या दाखवायचा, सून पाण्याचा जोर बघायची, आणि तो बाबा आधी लिफ्टमध्ये शिरायचा. खाली-वर करायचा, कान लावायचा, दाराच्या फटीत डोकावायचा. दोन इमारती त्याने तिथेच बाद केल्या. एजंट वैतागला. माईंना आतून हसू येत होतं. आपल्या मुलाने अशा वेळी गच्चीवर जाऊन हवा बघितली असती, असं मनात आलं. गंमत म्हणजे त्या आठवणीने डोळे भरले नाहीत.

शेवटी पसंत पडला तो पहिल्या मजल्यावरचा दोन खोल्यांचा फ्लॅट. पूर्वेला खिडकी, खाली वाण्याचं दुकान, समोर बसचा थांबा. लिफ्ट जुनी होती, पण "स्वभावाने चांगली आहे" असा दाखला मिळाला. एजंट कागद आणायला गेला, होणारा नवरा लिफ्टची मोटर बघायला वर गेला, आणि रिकाम्या खोलीत सासू-सून दोघीच राहिल्या. बसायला काही नव्हतं. माई खिडकीच्या कट्ट्यावर टेकल्या.

ह्या क्षणाची त्या कितीतरी दिवस वाट बघत होत्या. त्यांनी सुनेला सांगितलं की फ्लॅट घेऊन बरेच पैसे उरतात, आणि चार वर्षांचे हप्ते तिने भरलेत, तर तेवढे पैसे लग्नाआधी तिच्या खात्यात टाकायचे आहेत.

सून स्वयंपाकघरात गेली. नळ नीट बंद आहे का ते बघून आली. मग म्हणाली, "नकोत."

"का नकोत? तुझेच आहेत."

"माई, तुम्ही मला हिशेब चुकता करून पाठवताय." तिचा आवाज वर गेला नव्हता, पण माईंनी तो असा कधी ऐकला नव्हता. "मी काय भाडेकरू होते? अनामत परत देताय?"

खाली बस थांबली, सुटली. पोरीचं म्हणणं खरं होतं. रात्रंदिवस ज्याला त्या कृतज्ञता समजत होत्या त्यात कुठेतरी वन्संनी सुचवलेला साडी-चोळीचा निरोपही मिसळला होता. एकदा देणं फेडलं की पोरगी गेल्याचं दुःख कमी होईल असं त्यांच्या मनाने परस्पर ठरवून टाकलं होतं.

"इकडे ये," त्या म्हणाल्या. सून कट्ट्यावर शेजारी बसली, अंतर ठेवून. "त्या पहिल्या महिन्यात मी बँकेत गेले होते, मुदत मागायला. तू आधीच भरून आली होतीस. मी घरी आले आणि तुला वाढलं. त्या दिवशीच बोलायला हवं होतं, पण तोंड उघडलं असतं तर रडूच आलं असतं, आणि आपण दोघी तेव्हा रडून रडून थकलो होतो. मग राहूनच गेलं. तू नसतीस तर मी त्या घरात राहिले नसते, पोरी. बहुतेक राहिलेच नसते कुठे."

सून पायाच्या अंगठ्याने फरशीवरची धूळ एका जागी गोळा करत होती. "मलाही कुठे जायचं नव्हतं," ती म्हणाली. "तिथे त्यांचे कपडे होते, तुम्ही होता. माहेरी मला सगळे बिचारी म्हणाले असते. तुम्ही मला दूध उतू गेलं म्हणून ओरडायचात. मला फार बरं वाटायचं."

माईंना हसू आलं आणि रडूही. पदराने त्यांनी दोन्हीची व्यवस्था लावली.

बोलायचं ठरवून आल्या होत्या ते मोडीत निघालं होतं, आणि मग न ठरवलेलंच त्यांच्या तोंडून बाहेर पडलं. "असं करू. पैसे नको घेऊस. हे घर आपण दोघींच्या नावावर घेऊ. तुझं अर्धं, माझं अर्धं. मी मरेपर्यंत इथे राहणार, ते लिहून घेऊ. तू पाहुणी म्हणून नाही यायचंस, आपल्या घरी यायचंस. भांडण झालं तर हक्काने जाशील तरी कुठे, त्या लिफ्टच्या खोलीत?"

"भांडण कशाला होईल?"

"अगं, लग्न करतेयस ना?"

सुनेने खिडकीबाहेर बघितलं. तिच्या मनात काय चाललं होतं ते माईंना कळेना. बोलली असती तर आवाजावरून कळलं असतं. मग ती म्हणाली, "घराचा कर निम्मा मी भरणार."

"भर."

"आणि रंग मी निवडणार."

तिथे माईंनी जरा घासाघीस केली. तेवढ्यात होणारा नवरा हाताला वंगण लावून परत आला. सुनेने त्याला सगळं सांगितलं. तो शेवटपर्यंत थांबला, मग माईंना म्हणाला, "मला बरं वाटलं. मला काळजी होती, की मी तिला कुठून तरी उचलून नेतोय." हात पुसायला त्याने भिंतीकडे बघितलं, दोघी एकदम "अं हं" म्हणाल्या.

बँकेतल्या मॅडमनी माईंना दोनदा विचारलं की कुणाच्या दबावाखाली तर करत नाही ना. माई म्हणाल्या, दबाव सगळा उलट बाजूचा आहे. वन्संनी आठवडाभर फोन केला नाही. नोंदणी झाली, सही करायच्या आधी सुनेने पेन हातात धरून कागदावरचं आपलं नाव पुन्हा पुन्हा वाचलं आणि कारकुनाने पेन खराब आहे समजून दुसरं दिलं. त्याच महिन्यात तिचं लग्न झालं, साध्या सह्यांचं, आणि मुलीकडची म्हणून सही माईंनी केली.

सामान हलवायला पुतण्याने न सांगता आपला टेम्पो आणला. स्वयंपाकघराच्या फरश्या त्याने स्वतः उभं राहून बसवून घेतल्या आणि एकही तिरकी जाऊ दिली नाही. माईंनी पैसे दिले ते त्याने घेतले, आणि वर न मागता दारात चपला काढून ठेवायला फरशीचा एक जादा तुकडा लावून दिला.

एवढं सगळं चांगलं होऊनही पहिले काही आठवडे माईंना फार वाईट गेले. दिव्याचं बटण जुन्या घरात उजवीकडे होतं, इथे डावीकडे. रोज हात भिंतीवर चाचपडायचा. सकाळी त्या दोन कप चहा टाकायच्या आणि एक थंड व्हायचा. आणि पैशांचं विचित्रच झालं. पेन्शनवर ओढाताणीत जगताना त्यांनी कधी हात इतका आखडला नव्हता. आता खात्यात रक्कम होती, तर तिच्यातून एक पैसा काढणं म्हणजे घराची वीट काढून विकल्यासारखं वाटायचं. पडदे घेतले नाहीत. एका दिव्यात भागवू लागल्या. फळं बंद केली. गादी जुनी, मधे खड्डा पडलेली, तीच अंथरली.

सुट्टीच्या दिवशी सून आपल्या किल्लीने दार उघडून आत आली, तेव्हा माई खिडकीला जुनी चादर बांधत होत्या. सुनेने फडताळ उघडून बघितलं, गादीवर बसून बघितलं. रागावली नाही. चादर सोडली, माईंना चपला घालायला लावल्या आणि सरळ बसमध्ये बसवून आपल्या घरी जेवायला नेलं. दुसऱ्या दिवशीची रजा काढून ती रात्री माईंबरोबर परत येऊन फ्लॅटवरच राहिली आणि सकाळी माईंना बँकेत घेऊन गेली.

मॅडमना ह्यात काही नवल वाटलं नाही. घर विकून आलेल्या पुष्कळ माणसांचं असंच होतं म्हणाल्या. पगार असतो तेव्हा माणूस येणाऱ्या पैशांकडे बघतो, एकगठ्ठा मिळाले की फक्त जाणारे दिसतात. त्यांनी उपाय सोपा सांगितला. आजारपणासाठी थोडे पैसे हाताशी मोकळे ठेवायचे. बाकीची ठेव अशी ठेवायची की तिचं व्याज दर महिन्याच्या पहिल्या तारखेला पेन्शनबरोबर खात्यात येईल. मुद्दलाला हात लावायचा नाही, आणि व्याज मात्र खर्च केल्याशिवाय राहायचं नाही.

"म्हणजे पगारच की," माई म्हणाल्या.

"पगारच. आणि काम काही नाही."

पहिला पगार आला त्या दिवशी माईंनी सहा संत्री घेतली आणि बसथांब्याच्या बाकावर बसून एक तिथेच खाल्लं. दुसऱ्यात गादी आली, तिसऱ्यात पडदे. सुनेने निवडलेल्या हिरव्या रंगाला ते शोभेनात, तेवढ्यावरून दोघींचं छान वाजलं. पुढे चौघांना बसता येईल असं जेवायचं टेबल आलं. दिव्याच्या बटणाशी हात आपोआप जाऊ लागला, कधीपासून ते माईंच्याही लक्षात आलं नाही.

मग वन्सं आल्या. आठ दिवसांसाठी म्हणून आल्या आणि जायचं नाव काढेनात. सुरुवातीला सून आली की त्या तोंड फिरवून जपमाळ ओढायच्या. सून त्यांचा चष्मा घेऊन गेली आणि नव्या काचा घालून आणला. वन्संनी तो लावून भिंतीवरचं कॅलेंडर वाचलं, आणि मग जरा वेळाने विचारलं, जेवलीस का.

एका सुट्टीच्या दुपारी सगळे टेबलाशी बसले होते. शेजारची बाई नव्याने राहायला आली होती, ती वाटीभर साखर मागायला आली. दारात उभी राहून तिने सगळ्यांकडे नीट बघून घेतलं आणि ओळख विचारली. माई स्वयंपाकघरात साखर काढत होत्या. हा प्रश्न कधीतरी येणार हे त्यांना माहीत होतं. सुनेच्या नव्या नवऱ्याला काय म्हणायचं ह्यासाठी शब्दच कुठे आहे? जावई म्हणावं तर मुलगी नाही, मुलगा म्हणावं तर जीभ अडते. त्या डबा हातात धरून तशाच थांबल्या.

बाहेरून वन्संचा आवाज आला. "ही आमची सून. हे तिचे यजमान."

शेजारीण गोंधळली. "म्हणजे ह्यांचे चिरंजीव?"

"ह्यांचा मुलगा गेला, पाच वर्षं झाली. चांगला होता फार. त्यानंतर हिला हे मिळाले, आम्हालाही मिळाले." वन्संनी खुर्ची ओढल्याचा आवाज झाला. "उभ्या का? बसा ना, चहा होतोय."

चहा होत नव्हता. माईंनी डबा ठेवला आणि घाईघाईने पाणी चढवलं. पदर डोळ्यांना लावला आणि पाणी उकळायची वाट बघत त्या ओट्याला टेकल्या. ह्या घरात किती माणसांचा हात लागला आहे, असं त्यांना वाटलं: पोरीचा, तिच्या ह्या बुटक्या माणसाचा, संथ बोलणाऱ्या मॅडमचा, पुतण्याचा, आता वन्संचाही. सगळ्यांची नावं घेऊन कुणाचे तरी आभार मानावेत, पण कुणाचे ते सुचेना, म्हणून त्यांनी दूध जरा जास्तच घातलं.

"माई," सून बाहेरून ओरडली, "दुधाकडे लक्ष आहे ना?"

"आहे गं," माई म्हणाल्या, आणि गॅस बारीक केला.